इंदूरजवळच्या शेतांमधून हिवाळ्यात एकट्याने पायी फिरायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की तेच तेच प्रश्न सुरू होतात, कधी मेसेजवर, कधी भाजीच्या ठेल्यावर, कधी कुणाच्या साखरपुड्यात ताट हातात असताना. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, परत परत लिहीत बसले नाही.

१. ताई, हे नक्की काय असतं? ट्रेक का?

नाही हो. शिखर नाही, ग्रुप नाही, लीडर नाही, टी-शर्ट पण नाही. सकाळी बसने एखाद्या गावाला उतरायचं, गाडीवाटेने आणि शेतांच्या बांधांवरून दोन-तीन गावं पायी ओलांडायची आणि शेवटच्या गावातून बस पकडून घरी यायचं, एवढंच. आपलं माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असलं तरी वर बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे दम लागत नाही. पायांना फार त्रास नाही, कठीण जातं ते दुसऱ्याच्या जमिनीवरून त्याला त्रास न देता जाणं. खालचे निम्मे प्रश्न त्याचेच आहेत.

२. पण एकट्यानेच का? दोघं-तिघं गेलो तर काय बिघडलं?

काही बिघडत नाही, जा की. फरक एवढाच की चार जण असले की आपसातच गप्पा रंगतात, सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) कुठे चांगला मिळतो यावर तास जातो आणि शेत कुठलं आलं न् गेलं कळत नाही. शिवाय चार अनोळखी माणसं बांधावरून येताना दिसली की शेतकरी सावध होतो, एकटं माणूस असलं तर तोच हाक मारून विचारतो कुठे निघालात. दहा-बारा जणांचा घोळका मात्र नको, एवढे पाय एका बांधावरून गेले की बांध ढासळतो आणि तो परत घालायला कुणी येत नाही तुमच्यापैकी.

३. कोणते महिने चांगले?

साधारण चंपाषष्ठी ते रथसप्तमी. त्याच्या आधी, नोव्हेंबरात, सोयाबीन निघून गहू-हरभऱ्याची पेरणी चालू असते, रान उघडं आणि भुसभुशीत असतं, कुठे पेरलंय कुठे नाही ते आपल्याला कळत नाही आणि चुकून पाय पडला तर ते नुकसानच. डिसेंबर-जानेवारीत गहू हिरवा असतो, बांध स्पष्ट दिसतात, हरभऱ्याला घाटे धरायला लागतात. पहाटे ८-१० डिग्री, कधी त्याच्याही खाली, दुपारी २५-२६. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन लागायला लागतं, आणि शेतांमध्ये सावली हा प्रकार फारसा नसतो.

४. किती वाजता निघायचं आणि किती चालायचं?

डिसेंबरअखेर इंदूरला सूर्य सातच्या जरा नंतर उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. पण सातला चालायला सुरुवात करू नका, त्या वेळी दव एवढं असतं की गुडघ्यापर्यंत भिजाल, वर धुकं असेल तर वेगळीच कटकट (प्र. १५). साडेआठ-नऊला चालायला लागायचं, चारपर्यंत शेवटच्या गावात पोचायचं. पक्क्या गाडीवाटेवर तासाला चार किलोमीटर आरामात होतात, बांधावरून तीन, ओल्या काळ्या मातीत दोन झाले तरी नशीब. पहिल्यांदा जात असाल तर आठ-दहा किलोमीटर पुष्कळ झाले. ज्यांना घड्याळात रोज दहा हजार पावलं दाखवायची आहेत त्यांनी मेघदूत गार्डनला चकरा माराव्यात, इथे थांबणंच जास्त होतं.

५. इंदूरहून कुठून सुरुवात करू? एक-दोन जागा तरी सांगा.

नेमका रूट मागू नका, कारण वाटा दर वर्षी बदलतात (प्र. १०). दिशा सांगते.

हातोद आणि यशवंत सागरची बाजू नवीन लोकांसाठी सगळ्यात बरी. गंभीर नदीवरचा तलाव, २०२२ मध्ये सिरपूर तलावाच्या बरोबरीने रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. आजूबाजूला गहू, बटाटा, लसूण, आणि नशीब असेल तर शेतात सारसाची जोडी दिसते, माणसाच्या खांद्याएवढा उंच पक्षी गव्हात शांत उभा असतो. लांबूनच बघायचा, जवळ जायचं नाही.

देपालपूर, बनेडिया, गौतमपुरा या बाजूला रान मोकळं आहे, गावं एकमेकांपासून लांब, वाटा रुंद. थोडी सवय झाल्यावर तिकडे जा.

उज्जैनी गावाची बाजू, म्हणजे शिप्रेच्या उगमाकडे. तिथे नदी शोधायला जाऊन लोक हिरमुसतात, कारण मूळ उगम हिवाळ्यात बहुतेक कोरडाच, आणि २०१४ पासून नर्मदेचं पाणी पाईपलाईनने आणून तिथे शिप्रेत सोडतात. पण शेतं सुंदर आहेत, थोडे चढ-उतार आहेत, पाय कंटाळत नाहीत.

जानापाव लोकांना फार आवडतं, साधारण साडेआठशे मीटरचा डोंगर, परशुरामाचं देऊळ, चंबळचा उगम. तिथे मजा येते पण ती जागा जंगलाची, शेतांची नाही. तिकडे आणि चोरल, मानपूरच्या बाजूला एकट्याने आडवाटेला शिरू नका, कारण प्र. १२ मध्ये.

सांवेरकडे जात असाल तर कान्ह नदीच्या काठाकाठाने जायचा मोह टाळा. शहराचं सगळं सांडपाणी तीच घेऊन जाते, नाकाला रुमाल लावून चालण्यात काय आनंद.

६. गाडी घेऊन जाऊ की बसने?

बसने. गाडी नेली की परत त्याच जागी यावं लागतं, मग सरळ चालणं होत नाही, गोल फिरणं होतं. बेटमा, धार, देपालपूरकडच्या बस गंगवाल स्टँडवरून मिळतात, बाकी ठिकाणी आतल्या गावांपर्यंत मॅजिक आणि टाटा एस या छोट्या गाड्या चालतात. उतरताना ड्रायव्हरला विचारून ठेवा की संध्याकाळी शेवटची गाडी कधीची, अॅपवरचं टाइमटेबल खेड्यात धरून चालू नका. गाडी न्यायचीच असेल तर गावातल्या किराणा दुकानासमोर विचारून लावा, शेताच्या तोंडाशी नाही, तिथून ट्रॉली जायची असते.

७. लोकांच्या शेतातून जाणं बेकायदा नाही का? कुणी केस केली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

गाडीवाटा दोन प्रकारच्या. एक सरकारी रस्ता, जो गावच्या नकाशात दाखवलेला असतो, त्यावरून कुणीही जाऊ शकतं. दुसरी वहिवाटीची वाट, म्हणजे मागच्या शेतवाल्यांना आपल्या शेतात जायला पुढच्याच्या शेतातून पिढ्यानपिढ्या चालत आलेली. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत कलम १३१ आहे, अशा वाटेवरून भांडण झालं तर तहसीलदार गावचा रिवाज बघून निकाल देतो. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावचे रिवाज नोंदवलेल्या सरकारी कागदात पण असे हक्क लिहिलेले असतात. पण नीट वाचा, वहिवाटीचा हक्क त्या शेतकऱ्यांचा आहे, फिरायला आलेल्या आपला नाही. आपण तिथून जातो ते त्यांच्या भलेपणावर.

राहिली केस. फौजदारी अतिक्रमण, जे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे, त्यात गुन्हा करायचा किंवा जागेवाल्याला धमकवायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा हेतू असावा लागतो. बांधावरून गुपचूप गेलात म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. पण त्याने निघा म्हटलं आणि तुम्ही वाद घालत तिथेच उभे राहिलात तर गोष्ट वेगळ्या दिशेला जाते. म्हणून नियम साधा: निघा म्हटलं की निघायचं, आलो त्याच वाटेने, कलम वगैरे तोंडातून काढायचं नाही. भिंत, कुंपण, फाटक असेल तर ओलांडायचंच नाही, फाटक बंद असेल आणि माणसाने उघडून दिलं तर आपल्यामागे परत लावायचं, नाहीतर जनावरं पिकात शिरतात.

आणि पिकात पाय नाही. कधीच. शॉर्टकटसाठी पण नाही. वाट संपली तर बांध धरा, बांध संपला तर मागे फिरा.

८. कुणी अडवलं तर काय सांगू? मला मालवी येत नाही.

मालवी येत नसली तरी चालतं, हिंदी पुरते. लांबून माणूस दिसला की आपणच आधी "राम-राम काका" म्हणायचं, त्याने विचारायची वाट बघायची नाही. "कां जई रिया हो?" (कुठे चाललात?) असं विचारतील, तर पुढच्या गावाचं नाव सांगा. "बस घूमने निकले हैं" हे उत्तर खरं असलं तरी खेड्यात कुणाला पटत नाही, बिनकामाचा माणूस शेतात कशाला येईल? गावाचं नाव सांगितलं की तेच वाट दाखवतात.

एक गोष्ट गेल्या काही वर्षांत बदललीय. इंदूरच्या चारी बाजूंना रिंग रोड, कॉरिडॉर, कॉलन्या यांच्यासाठी जमिनी जातायत, शेतकरी चिडलेले आहेत. त्यात शहरातला माणूस हातात मोबाईलवर नकाशा धरून बांधावर उभा दिसला की तो सर्वेवाला किंवा दलाल असंच वाटतं. म्हणून माणूस दिसला की फोन खिशात. नकाशा बघायचाच असेल तर झाडाखाली बसून बघा, उभं राहून इकडे तिकडे बोट दाखवत नाही. कुणी सरळच विचारलं "सर्वे वाले हो क्या" तर हसून नाही म्हणा आणि आपण शहरात कुठल्या भागात राहतो ते सांगा. सुदामा नगर म्हटलं की निम्म्या वेळा त्यांचा कुणीतरी भाचा तिथेच भाड्याने राहत असतो, मग चहा.

९. बूट कोणते घेऊ? ट्रेकिंगचे महाग बूट लागतील का?

उलट ते घेऊच नका. काळी माती ओली असली की खोल खाचांच्या तळव्यात भरून बसते, दहा पावलांत प्रत्येक बुटाखाली किलोभर लगदा आणि उंची चार इंच वाढलेली. उथळ खाचांचा, घोट्यापर्यंतचा, जाड आणि कडक तळव्याचा बूट बरा. जाड का, तर बाभळीचे काटे. शेताच्या कडेला कुंपण म्हणून काट्याच्या फांद्या टाकलेल्या असतात, त्यातले वाटेवर पडतात आणि फोमच्या मऊ स्पोर्ट्स शूजमधून थेट पायात. चपलेला गोखरू पुरतो.

माती चिकटली तर वाटेवरच्या काडीने खरवडा, दगडावर आपटू नका, बूट उसवतो. मोजे दोन जोड, कारण पाय भिजतोच. पाऊस नसताना वाट ओली कशी असं विचारतात लोक, तर शेतीची थ्री फेज लाइट दिवसाला दहा तास आणि तीही टप्प्याटप्प्याने येते, कधी रात्री येते, मग रात्रभर पाणी फिरवतात आणि सकाळी पाट फुटून गाडीवाटेवर आलेलं असतं. तिथे कडेच्या गवतावरून जा. मधोमध गेलात तर बूट मागे राहतो आणि पाय मोज्यासकट पुढे येतो.

१०. गूगल मॅप दाखवतो ती वाट असते ना तिथे?

कधी असते, कधी तिथे कॉलनीसाठी प्लॉट पाडलेले असतात. मॅपवर सुरेख गाडीवाट, जाऊन बघावं तर दगडी खुंट्या, कमान, "फेज टू" लिहिलेला बोर्ड आणि आडवी भिंत. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत हे फार. सॅटेलाइट फोटोत बघून ठेवा, मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, पण शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा. आणि एकाला नाही, दोघांना विचारा, कारण "वो रहा, पास में ही है" हे दोन किलोमीटरला पण म्हणतात आणि सातला पण.

फोन बंद पडला तर घाबरायचं कारण नाही. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, साडेबाराच्या सुमारास तुमची सावली उत्तर दाखवते. पाण्याची टाकी आणि देवळाचा झेंडा लांबून दिसतो तिथे गाव. विजेच्या मोठ्या लाइनी पण कुठल्या ना कुठल्या रस्त्याला आडव्या जातातच.

११. कुत्र्यांची फार भीती वाटते. काय करू?

वाटायलाच हवी. सापापेक्षा, चोरापेक्षा कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे. गावातली कुत्री एवढी नाही, पण शेतातल्या खोपीवर राखणीला ठेवलेली अनोळखी माणसाला सहन करत नाहीत. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत. थांबायचं, मोठ्याने मालकाला हाक मारायची, "ओ काकाजी, कुत्ता पकड़ो!", मालक दिसेपर्यंत हळूहळू तिरकं मागे सरकायचं. हातात काठी असावी, मारायला नाही, मधे धरायला. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक मागे हटतात.

चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, पूर्ण पंधरा, घड्याळ लावून. हळद-मिरची-चुना काही भरायचं नाही. त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन, इंदुरात लाल अस्पतालात मिळतं. ओरखडा असला तरी जायचं. "पाळीव आहे, काही होत नाही" असं मालक म्हणेल, त्याला हो म्हणा आणि तरी जा.

१२. साप? बिबट्या?

थंडीत साप कमी दिसतात हे खरं, पण घोणस याला अपवाद. तिचा मिलनाचा काळ थंडीतच असतो आणि दहा-अकराच्या उन्हात ती बांधावर, वाळक्या गवतात पडून राहते, रंग तसाच मातकट. जवळ गेलात तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते, तो आला की जागीच थांबा, कुठून येतोय ते बघा, मग मागे. गवत असेल तिथे काठी आपटत चला, दगडावर किंवा कडब्याच्या ढिगावर न बघता बसू नका. चावली तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तो पाय हलू न देता १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी दवाखान्यात. बाबाजीकडे नेतो म्हणणारा एकजण प्रत्येक गावात असतो, त्याचं ऐकू नका.

बिबट्या महू, मानपूर, चोरल आणि रालामंडलच्या जंगलांच्या कडेला आहे. उघड्या गव्हाच्या रानात दुपारी तो भेटणार नाही. पण जंगलाला लागून असलेल्या शेतांत, ओढ्यांत, संध्याकाळी एकट्याने जायचं नाही, बास.

नीलगाय, म्हणजे इथली रोजडा, लाजाळू असते, तिच्या आणि तिच्या पळायच्या वाटेच्या मधे उभे राहू नका एवढंच.

१३. शेतातल्या तारांना करंट असतो का?

असतो असं धरूनच चाला. रोजडा आणि डुकरांपासून पीक वाचवायला झटका मशीन लावतात, तार पातळ, दर सेकंदाला टक-टक आवाज. त्याचा झटका जोरात बसतो पण तो क्षणभराचा असतो. खरा धोका दुसराच, काही जण रात्री थेट लाइनचा करंट तारेत सोडतात, ते बेकायदा आहे आणि त्याने माणसं मेलेली आहेत. बघून दोन्हीतला फरक कळत नाही. म्हणून कुठलीही तार हाताने वर करून खालून जायचं नाही, काठीने पण नाही, ओल्या बुटांनी तर नाहीच. मोटारीचे स्टार्टर, पाण्यात पडलेल्या केबली, लोंबकळणाऱ्या लाइनी यांच्यापासून लांब.

१४. आणखी काही धोका जो लोक विसरतात?

विहिरी! जुन्या विहिरींना कठडा नसतो, काठावर घाणेरी आणि गवत माजलेलं, धुक्यात किंवा तिरप्या उन्हात समोर आहे ते कळतच नाही. शेताच्या मधे झाडांचा एक वेगळाच झुपका दिसला की तिथे विहीर असेल असं समजून वळसा घ्या. खाली वाकून सेल्फी नको. जुन्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी दिसतात, फार देखण्या, पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात, वरूनच बघा.

संक्रांतीच्या आसपास पतंगाचा मांजा पण असतो, गावाजवळ झाडांमधून आडवा लटकतो. गळ्याला मफलर असू द्या.

१५. धुकं पडलं किंवा मावठा (हिवाळ्यातला पाऊस) झाला तर?

धुकं असेल तर थांबा. बसस्टँडवर पोहे खा, दुसरा चहा घ्या, दहापर्यंत बहुतेक विरतं. नाही विरलं तर डांबरी रस्त्याने पुढच्या गावाला जा आणि घरी या.

मावठा झाला तर दोन-तीन दिवस विसराच. वरून ऊन पडलं, अंगण वाळलं म्हणून शहरातली माणसं दुसऱ्याच दिवशी निघतात. काळी माती पाणी धरून ठेवते, वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली लोणी. ट्रॅक्टर पण त्या दिवशी वाटेवर घालत नाहीत, ते बघूनच समजून जा. शिवाय मावठ्यानंतर आकाश उघडलं की कडाका वाढतो, पाला, म्हणजे पीक जाळणारं दहिवर पडायची भीती असते, शेतकरी रात्री पाणी देतात, बांधावर धूर करतात, पिकाच्या काळजीत असतात. त्या दिवसांत त्यांना वाटा विचारत फिरू नये असं मला वाटतं.

१६. कपडे काय? आणि पाय खाजत होते परत आल्यावर, ते कशाने?

एकावर एक पातळ थर, कारण सकाळी स्वेटर आणि बाराला घाम. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. टोपी हवी, कानांसाठी सकाळी आणि डोक्यासाठी दुपारी.

खाजण्याचं म्हणाल तर हरभऱ्याला खेटून गेला होतात ना? हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक अॅसिड, सकाळच्या दवात ती विरघळते आणि पँट भिजली की कातडीला लागते. बुटांच्या कातड्यावर पांढरट डाग पडतात ते पण त्यानेच. साध्या पाण्याने धुवा, तासाभरात जातं. ज्यांना गाजरगवताची अॅलर्जी आहे त्यांनी मात्र वाळलेल्या गाजरगवताच्या पट्ट्यांतून मुळीच जाऊ नये, पुरळ आठवडाभर टिकतं. मोज्यांना कुसळं आणि आघाड्याच्या बिया लागणारच, त्या संध्याकाळी टीव्ही बघत काढायच्या.

१७. खायला काय न्यायचं? शेतातला हरभरा तोडून खाल्ला तर?

न विचारता एक घाटा पण नाही. एकतर ती चोरी, दुसरं म्हणजे घाटे अळीसाठी फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नाही. विचारलंत तर बहुतेक वेळा झाडासकट उपटून हातात देतील, कधी काट्याकुट्या पेटवून तिथेच हुळा भाजतील आणि मग हात-तोंड काळं करून, मीठ नसताना पण, जे काही लागतं ते घरी गॅसवर कढईत होत नाही. पैसे देऊ केले तर वाईट वाटतं त्यांना. शेवचं पाकीट किंवा गुळपोळी बरोबर असेल ती पुढे करा, पोरं असतील तर बिस्किटं.

पाणी आपलं न्या, दोन लिटर. डग-डग रोटी पग-पग नीर ही माळव्याची म्हण ऐकायला छान आहे, पण आता नीर कितीतरी खाली गेलंय आणि मोटर चालू असेल तेव्हाच वर येतं. चालू बोअरचं पाणी शेतकरी पितात, मी पण पिते, पण पाटातलं किंवा नदीचं नाही.

घरून मेथीचे पराठे, लोणचं, शेंगदाणे-गूळ. रिकामी पाकिटं परत घरी.

१८. मी मुलगी आहे, एकटी जाऊ शकते का? खरं सांगा.

मी जाते. पण सगळीकडे नाही आणि कधीही नाही. पहिल्यांदा ज्या वाटेने जाणार तिथे आधी कुणाबरोबर एकदा जाऊन आलेली असावी. शेतात बायका काम करताना दिसतात ती बाजू धरायची, लसूण निंदायला, बटाटा काढायला घोळकेच्या घोळके असतात, त्यांच्याशी दोन शब्द बोलून पुढे गेलं की पुढच्या शेतापर्यंत बातमी आपोआप पोचते की एक बाई चाललीय, आणि ते चांगलंच असतं. "एकटीच? घरवाले कुठेत?" हे शंभर वेळा विचारतील, त्यात वाईट हेतू नसतो, "पुढच्या गावात वाट बघतायत" असं सांगून मोकळं व्हा, खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. ओसाड ओढे, वीटभट्ट्या, ढाब्यांच्या मागच्या वाटा, हायवेच्या पुलाखालचे रस्ते टाळा. मोटरसायकल दुसऱ्यांदा त्याच बाजूने आली तर सरळ जवळच्या घरी किंवा शेतातल्या बायकांकडे जाऊन बसा. ११२ फोनमध्ये वर ठेवा. मन नाही म्हणालं तर परत फिरा, कारण शोधत बसू नका.

बाथरूमचं: निघायच्या गावात करून निघा, वाटेत शाळा किंवा पंचायत भवन असतं, आणि घरी विचारलं तर कुठलीही काकू नाही म्हणत नाही.

१९. आई-बाबा नको म्हणतात.

कुठून निघणार, कुठे पोचणार, किती वाजता फोन करणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. लाइव्ह लोकेशन चालू ठेवा पण रेंज जाते हे आधीच सांगा, नाहीतर अर्ध्या तासात मावशीपर्यंत फोन जातात. ठरलेल्या वेळेला फोन केलात की पुढच्या वेळी विरोध कमी होतो.

२०. माझं वय ६७, गुडघे दुखतात. जमेल?

सपाट आहे म्हणून जमेल, पण बांध अरुंद आणि तिरके असतात, गुडघ्याला तेच बोचतं. गाडीवाटेनेच जा, काठी घ्या, पाच किलोमीटर ठेवा आणि डांबरी रस्त्यापासून फार आत नको. शुगर असेल तर खिशात गोळी-खडीसाखर. हार्टचा त्रास असेल तर कडाक्याच्या पहाटे नको, उन्हं आल्यावर.

२१. पक्षी बघायला दुर्बीण, फोटोला ड्रोन आणला तर?

दुर्बीण आणा. धोबी, थिरथिरा, पिकावरून खालून-खालून उडणारे भोवत्ये, मोर तर कितीही. माणसांकडे मात्र रोखू नका. ड्रोन नको म्हणजे नको, प्र. ८ मध्ये सर्वेचं लिहिलंय ना, ड्रोन म्हणजे तेच पण आकाशातून. बायकांचे, पोरांचे फोटो विचारल्याशिवाय नाही.

२२. महूच्या बाजूला मोकळं माळरान दिसतं, तिथून जाऊ का?

तिथे लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. लाल झेंडा असो नसो, बोर्ड दिसला की आत जायचं नाही. आणि मैदानात पडलेला धातूचा तुकडा, टोपण, नळी काहीही उचलायचं नाही, भंगार गोळा करताना तिथे लोक जखमी झालेले आहेत, जीव पण गेलेत.

२३. रतलाम-मंदसौरकडे मामाचं गाव आहे, तिकडे असंच फिरता येईल ना?

येईल, पण जानेवारी-फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांची शेतं दिसली तर लांबूनच बघा. ती अफूची असतात, केंद्राच्या नार्कोटिक्स विभागाच्या लायसन्सवर, आणि शेतकऱ्याला ठरलेला माल मोजून सरकारला द्यावा लागतो. अनोळखी माणूस तिथे घुटमळला तर संशय येणारच. बोंडाला हात लावायचा नाही, आठवण म्हणून एखादं वाळकं बोंड पण खिशात नको, तो एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय आहे. मामाला बरोबर घ्या.

२४. पौर्णिमेला रात्री?

नको. रात्री पाणी फिरवणारे शेतकरी टॉर्च घेऊन असतात, त्यांना तुम्ही मोटर चोर वाटाल. शिवाय प्र. १३ आणि १४.

२५. आमचा लॅब्रेडोर फार शांत आहे हो, त्याला आणू का?

नको. प्र. ११ परत वाचा, या वेळी राखणीच्या कुत्र्यांच्या बाजूने.